व्हेंटिलेटर मोजू नका, श्वास मोजा

व्हेंटिलेटरबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत.

पहिलं मत नातेवाइकांचं. "डॉक्टर, काय वाटेल ते करा, पण मशीन लावू नका. मशीन लावलं की माणूस परत येत नाही." दुसरं मत पुढाऱ्यांचं, प्रशासनाचं आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या अनेक डॉक्टरांचंही. "मशीन आलं ना, मग प्रश्न सुटला." पहिल्या मतामुळे संमतीच्या कागदावर सही व्हायला तीन-चार तास जातात आणि रुग्ण दमून निळा पडेपर्यंत वाट पाहिली जाते. दुसऱ्या मतामुळे फीत कापली जाते, फोटो छापून येतो, आणि त्या मशीनवर रात्री अडीच वाजता कोणता आकडा कोण लावणार, हे कुणीच विचारत नाही.

व्हेंटिलेटर हे वरदान नाही आणि यमदूतही नाही. त्याचा विचार औषधासारखा करावा लागतो, कारण औषधासारखाच त्याला डोस असतो. "पेशंटला इन्सुलिन दिलं" असं कुणी सांगितलं की आपण लगेच विचारतो, "किती युनिट?" पण "पेशंट व्हेंटिलेटरवर आहे" एवढं ऐकलं की सगळे गप्प होतात. किती मिलीचा श्वास, किती दाबाने, कोणत्या उंचीच्या माणसाला, हे डॉक्टर सांगत नाही आणि नातेवाईक विचारत नाहीत. फुफ्फुस जखमी असेल तर रुग्ण जगण्या-मरण्याचा मोठा हिस्सा याच आकड्यांवर ठरतो. गेली पंचवीस वर्षं हे सिद्ध झालेलं आहे. तरीही ते पाळलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

मशीन मुळात कुणासाठी आलं?

१९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं मरत होती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या गळ्यात छिद्र करून नळी घातली आणि रबरी पिशवीने हवा आत ढकलायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबून रुग्ण जगवले. आजचा आयसीयू आणि आजचा व्हेंटिलेटर यांची मुळं तिथे आहेत.

त्या रुग्णांची फुफ्फुसं मात्र चांगली होती. बिघाड स्नायूंमध्ये होता. आपल्याकडचं उदाहरण घ्या. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात झोपेत मण्यार चावते. विषाने श्वासाचे स्नायू बंद पडतात. वेळेवर नळी टाकून मशीन लावलं आणि प्रतिविष दिलं, तर असा रुग्ण काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातो. "मशीनवरून कुणी परत येत नाही" म्हणणाऱ्यांनी हे रुग्ण बघावेत.

जखमी फुफ्फुसाची गोष्ट वेगळी आहे. न्यूमोनिया, कोविड, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, लेप्टोस्पायरोसिस, फाल्सिपेरम मलेरिया, गंभीर डेंग्यू, स्वादुपिंडाची सूज, अपघातातला छातीचा मार, अशा अनेक कारणांनी फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि हवेच्या पिशव्यांमध्ये पाणी भरतं. याला आम्ही एआरडीएस म्हणतो. १९६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांच्या वर्णनातून हा आजार पहिल्यांदा नीट मांडला गेला. जुलै ते ऑक्टोबर या काळात मुंबई-ठाणे पट्ट्यात तापाचे वॉर्ड भरतात, तेव्हा त्यातल्या गंभीर रुग्णांच्या एक्स-रेवर जी पांढरी सावली दिसते, ती अनेकदा हीच असते.

सहा खोल्या आणि पाहुणे

चांगल्या फुफ्फुसात कोट्यवधी हवेच्या पिशव्या असतात. एआरडीएसमध्ये सगळं फुफ्फुस सारखं बिघडत नाही. पाठीकडचा, खालचा भाग पाण्याने भरून मिटतो. वरचा थोडा भाग उघडा राहतो आणि सगळा श्वास त्या थोड्या भागावर येतो. इटलीच्या लुचानो गॅतिनोनी यांनी सीटी स्कॅन करून हे दाखवलं. मोठ्या माणसाच्या छातीत हवा घेऊ शकणारं फुफ्फुस पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढंच उरलेलं असतं. त्यांनी त्याला 'बाळ-फुफ्फुस' असंच नाव दिलं.

आता असं समजा की सहा खोल्यांचं घर आहे आणि पुराचं पाणी चार खोल्यांत शिरलंय. पाहुणे मात्र नेहमीएवढेच आत ढकलले जातायत. ते सगळे उरलेल्या दोन खोल्यांत कोंबले जाणार आणि त्या दोन खोल्यांच्या भिंतीही तडकणार. मोठा श्वास दिला की फुफ्फुसात हेच होतं. जो भाग धड होता तोच ताणून फाटायला लागतो.

यात तीन प्रकारच्या इजा होतात. एक, अतिताणाने पिशव्यांच्या भिंती फाटतात आणि गळतात. दोन, अर्धवट मिटलेल्या पिशव्या प्रत्येक श्वासाला उघडतात आणि पुन्हा मिटतात. दिवसातून तीस-चाळीस हजार वेळा हे झालं की ओल्या भिंती एकमेकींना चिकटून सोलवटतात. तीन, या जखमांमधून सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात आणि मूत्रपिंड, यकृत, हृदय यांनाही दुखापत होते. म्हणूनच एआरडीएसचे बरेच रुग्ण ऑक्सिजन कमी पडून नव्हे, तर एकामागून एक अवयव बंद पडून जातात. नातेवाइकांना सांगितलं जातं, "इन्फेक्शन पसरलं." कधी ते खरं असतं. पण कधी त्या पसरण्यात आपल्या मशीनचाही हात असतो.

ही नुसती कल्पना नाही. १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी यांनी उंदरांच्या निरोगी फुफ्फुसांना मोठ्या दाबाने हवा दिली, तेव्हा तासाभराच्या आत ती पाण्याने भरली. पुढे १९८८ मध्ये फ्रान्सच्या ड्रेफुस यांनी आणखी बारकाईने तपासलं. प्राण्यांची छाती बाहेरून बांधून ठेवली तर तेवढ्याच दाबाने फुफ्फुसाला फारशी इजा झाली नाही. दाब कमी आणि श्वास मोठा ठेवला तर मात्र इजा झाली. म्हणजे फुफ्फुस किती ताणलं जातं, हे महत्त्वाचं.

८६१ रुग्णांचा निकाल

२००० साली अमेरिकेतल्या दहा विद्यापीठ-केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीचा निकाल आला. एआरडीएस आणि तीव्र फुफ्फुस-इजा झालेले ८६१ रुग्ण होते. अर्ध्यांना त्या काळच्या पद्धतीने मोठा श्वास दिला, दर किलोमागे १२ मिली. अर्ध्यांना लहान श्वास दिला, दर किलोमागे ६ मिली, आणि श्वास रोखून मोजलेला दाब ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ दिला नाही. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण गेले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. त्याच मशीनवरचा आकडा बदलला आणि दर शंभर रुग्णांमागे जवळपास नऊ जीव वाचले.

त्या निकालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवसांत रक्तातला ऑक्सिजन मोठ्या श्वासाच्या गटात जास्त चांगला होता. म्हणजे ज्या गटाचे रिपोर्ट सुंदर होते, त्याच गटात जास्त माणसं मेली. आपल्या आयसीयूत रोज सकाळी एबीजीचा कागद हातात घेऊन "आज सुधारणा आहे" असं सांगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावं. आपण रिपोर्टला बरं करतोय की रुग्णाला?

महाग पद्धतींचंही असंच झालं. मिनिटाला शेकडो अगदी छोटे झटके देणारं वेगळं यंत्र आलं. कागदावर ते जखमी फुफ्फुसाला आदर्श वाटत होतं. २०१३ मध्ये ५४८ रुग्णांवरच्या चाचणीत त्या यंत्राच्या गटात ४७ टक्के मृत्यू झाले आणि साध्या, लहान श्वासाच्या गटात ३५ टक्के. त्याच वर्षी फ्रान्सच्या गेरँ यांनी ४६६ गंभीर रुग्णांवर दाखवलं की दिवसाला किमान सोळा तास पालथं झोपवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. पालथं झोपवायला यंत्र लागत नाही. चार-पाच माणसं, दोन उशा आणि नळी सांभाळणारा एक अनुभवी हात लागतो. कोविडमध्ये घराघरांत "पालथे झोपा" हे पोहोचलं होतं. नळी टाकलेल्या रुग्णापर्यंत मात्र ते अजूनही सगळीकडे पोहोचलेलं नाही.

पाचशेचा आकडा

आता आपल्याकडे या. लहान हॉस्पिटलमध्ये मोठ्या माणसाला व्हेंटिलेटर लावला की श्वासाच्या रकान्यात बहुतेक वेळा एक गोल आकडा दिसतो, ५००. काही मशीनमध्ये 'मोठा माणूस' निवडलं की त्याच्या आसपासचा आकडा आधीच येऊन बसलेला असतो. तो बदलायला हात पुढे होत नाही.

हा ५०० कुणाचा डोस आहे ते हिशेब करून बघू. श्वासाचा डोस रुग्णाच्या काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. तो उंचीवर ठरतो, कारण फुफ्फुस उंचीप्रमाणे वाढतं, चरबीप्रमाणे नाही. सूत्र सोपं आहे. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून १५२.४ वजा करा, उत्तराला ०.९१ ने गुणा. पुरुष असेल तर त्यात ५० मिळवा, स्त्री असेल तर ४५.५. आलेल्या आकड्याला ६ ने गुणलं की मिलीमध्ये श्वास मिळतो.

१४८ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच उंचीची बाई घ्या. अशा बायका आपल्या प्रत्येक वॉर्डात आहेत. तिचं सूत्राप्रमाणे वजन साडेएकेचाळीस किलो. तिचा श्वास सुमारे २५० मिली. तिला ५०० दिला तर तो दर किलोमागे बरोबर १२ मिली होतो. म्हणजे २००० साली जो डोस जास्त जीव घेतो म्हणून टाकून दिला, तोच आपण तिला आज देतो. ती बाई जाड असेल, काट्यावर ८० किलो भरत असेल आणि कुणी काट्यावरच्या वजनावरून हिशेब केला, तरी उत्तर ४८० येतं. चूक तीच, फक्त गणित केल्याचं समाधान.

१६३ सेंटिमीटरच्या पुरुषाचा श्वास ३६० मिलीच्या आसपास येतो. मग ५०० कुणाला शोभतो? सूत्र उलटं सोडवलं तर उत्तर येतं १८९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट अडीच इंच उंचीचा पुरुष. भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणाऱ्या किती कामगारांची उंची सहा फूट अडीच इंच असते, ते मी वाचकांवर सोडतो.

आणि यात सर्वात जास्त नुकसान कुणाचं? बुटक्या माणसाचं, म्हणजे बहुतेक वेळा बाईचं. लहानपणी पोटभर न मिळाल्याने जिची उंची खुंटली, तिलाच मोठेपणी आयसीयूत सर्वात मोठा डोस. ही चूक गरिबाला आणि बाईला शोधून मारते, म्हणून मला तिचा जास्त राग येतो.

घाटीचा वाद आणि न विचारलेला प्रश्न

मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार स्वदेशी व्हेंटिलेटरसाठी २००० कोटी रुपये जाहीर झाले. सरासरी चार लाखांना एक. निर्णयाला नावं ठेवायचं कारण नाही. त्या वेळी मशीन कमी होती, हे खरंच होतं.

एक वर्षाने, मे २०२१ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आलं. केंद्राकडून आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात काढलेली ११३ सदोष असल्याचं आणि उरलेली ३७ अजून खोक्यातच असल्याचं न्यायालयासमोर आलं. काही घाटीत होती, काही खासगी रुग्णालयांना आणि इतर जिल्ह्यांना दिलेली होती. डॉक्टरांचं म्हणणं होतं की मशीनवर असतानाच रुग्णाचा ऑक्सिजन कमी होतो. केंद्राकडून उत्तर आलं की मशीन चांगली आहेत, वापरणाऱ्यांना ती नीट वापरता येत नाहीत. न्यायालयाने या दोषारोपाच्या खेळावर नाराजी व्यक्त केली, ते योग्यच झालं.

पण दोन्ही बाजूंचं म्हणणं क्षणभर खरं मानून बघा. मशीन सदोष असेल तर ती खरेदीपूर्वी तपासली का नाही? माणसांना वापरता येत नसेल तर ती शिकवल्याशिवाय खोकी पाठवली का? खोक्यासोबत प्रशिक्षित माणूस, देखभालीचा करार, दर पाळीला भरायचा तक्ता आणि एक मापपट्टी, यातलं काय आलं? आपण २००० कोटींचा हिशेब मशीनच्या संख्येत मागितला आणि मशीनच्या संख्येतच दिला. किती रुग्णांना योग्य डोसचा श्वास मिळाला, हा हिशेब मागितला गेला असता तर खोकी आणि माणसं यांतली दरी पहिल्याच महिन्यात उघडी पडली असती.

"आमच्याकडे हे जमणार नाही"

माझे काही मित्र म्हणतात, "हे सगळं मोठ्या हॉस्पिटलचं. आमच्याकडे रात्री एक आरएमओ, दोन सिस्टर आणि सहा बेड. लहान श्वास दिला की पेशंट मशीनशी झुंजतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, झोपेचं औषध जास्त लागतं, लक्ष जास्त लागतं."

यातलं बरंच खरं आहे. लहान श्वास देणं हे मोठा श्वास देण्यापेक्षा जास्त काम आहे. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतोच. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात तो वाढू देता येत नाही, तिथे वेगळा विचार करावा लागतो. पण इतर बहुतेक रुग्णांत श्वासांची संख्या वाढवून आणि रक्ताची आम्लता बघून तो सांभाळता येतो. कार्बन डायऑक्साइड दिसला की घाबरून श्वास ५०० वर नेणं, हा उपाय नाही. मॉनिटरवर ऑक्सिजन ९० दिसला की नातेवाईक आणि सिस्टर दोघंही अस्वस्थ होतात. एआरडीएसमध्ये ८८ ते ९५ पुरेसा असतो. ९९ दिसण्यासाठी फुफ्फुस फाडायची गरज नाही.

आणि यातल्या कशाला पैसा लागतो? उंची मोजायची टेप शिंप्याकडे मिळते. रुग्ण सरळ झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायचं, पाय आखडले असतील तर हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावरून अंदाज काढायचा. श्वास रोखून दाब मोजायचं बटण बहुतेक मशीनवर आधीपासून आहे. अर्धा सेकंद दाबायचं आणि आकडा लिहायचा. तो ३० च्या वर असेल तर श्वास कमी करायचा. यासाठी एमडीची पदवी लागत नाही. रात्रपाळीला असणाऱ्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. त्यांना पगार तुटपुंजा द्यायचा, प्रशिक्षण शून्य द्यायचं, आणि सकाळी आकडा चुकला म्हणून ओरडायचं. दोष त्यांच्या पदवीचा कमी आणि त्यांना एकटं सोडणाऱ्या मालकाचा जास्त.

हा फक्त आपल्या देशाचा रोग आहे असंही नाही. २०१६ मध्ये ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंचा अभ्यास छापून आला. एआरडीएसच्या दहापैकी चार रुग्णांत आजार डॉक्टरांनी ओळखलाच नव्हता. रोखलेल्या श्वासाचा दाब जेमतेम ४० टक्के रुग्णांत मोजलेला होता. सर्वात गंभीर रुग्णांपैकी फक्त १६ टक्के पालथे झोपवले होते. श्रीमंत देशांतही हे होतं, म्हणजे अडचण फक्त पैशाची नाही, सवयीची आहे.

साधनं नसताना काय करता येतं याचं उदाहरण आपल्याच कोकणात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावून फुफ्फुसात पाणी भरून मुलं मरत होती. तो आजार वेगळा, तिथे बिघाड मुळात हृदयाकडून होतो. पण तिथे मशीन नव्हतं, आणि रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं लिहून काढणारा डॉक्टर होता. त्या नोंदींमधून प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग पुढे आला आणि विंचूदंशाचे मृत्यू प्रचंड कमी झाले. लिहिलेला आकडा मशीनपेक्षा मोठा असू शकतो, याला परदेशी पुरावा शोधायची गरज नाही.

भिवंडी ते ठाणे, हातातल्या पिशवीवर

आमच्या भिवंडीत गंभीर रुग्ण बहुतेक वेळा पुढे पाठवावा लागतो. ठाणे, कळवा, नाहीतर मुंबई. अंतर नकाशावर फार नाही, पण कशेळीच्या पुलावर आणि माणकोलीच्या वळणावर ते किती होतं हे प्रत्येक भिवंडीकराला माहीत आहे. या प्रवासात अनेकदा व्हेंटिलेटर नसतो. अंबू बॅग असते, आणि ती दाबायला घाबरलेला भाऊ किंवा मुलगा बसलेला असतो.

मोठ्यांची अंबू बॅग दोन्ही हातांनी पूर्ण दाबली तर ७००-८०० मिली हवा सहज आत जाते. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस-चाळीस वेळा दाबतो. आयसीयूत २५० मिलीवर सांभाळलेल्या फुफ्फुसाला तासभर असं झोडपलं, की ठाण्याला पोहोचतो तो वेगळाच रुग्ण. शिवाय मशीनवरून नळी काढली की पिशव्या उघड्या ठेवणारा पाठीमागचा दाब, ज्याला पीप म्हणतात, तो क्षणात जातो आणि मोठ्या कष्टाने उघडलेला भाग पुन्हा मिटतो.

यावर उपाय आहेत. अंबू बॅगला लावायचा पीपचा छोटा व्हॉल्व्ह मिळतो, तो प्रत्येक ॲम्ब्युलन्समध्ये असायला हवा. नळी बदलताना क्षणभर चिमट्याने बंद करायची. बॅग एका हाताने, छाती हलकी उचलेल इतकीच, तीन सेकंदांतून एकदा दाबायची. आणि ती दाबायला नातेवाईक नव्हे, शिकवलेला माणूस बसवायचा. "ॲम्ब्युलन्स दिली" एवढ्यावर आपलं काम संपत नाही.

मागणी काय करायची?

हॉस्पिटल चालवणाऱ्यांकडे आणि आमच्या महापालिकेसह सगळ्या सरकारी यंत्रणांकडे माझ्या चार मागण्या आहेत. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्या तासात उंची लिहिलेली हवी. श्वासाचा आकडा 'मिली' आणि 'दर किलोमागे मिली' असा दोन्ही प्रकारे हवा. रोखलेल्या श्वासाचा दाब प्रत्येक पाळीत एकदा लिहिलेला हवा. आणि फुले जन आरोग्य योजनेसह प्रत्येक विमा योजनेने क्लेमच्या कागदांत हे तीन आकडे मागावेत. ज्या दिवशी पैसे या आकड्यांवर अडतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक आयसीयूत टेप आलेली असेल.

नातेवाइकांनी काय करायचं? मशीन बंद करा किंवा चालू ठेवा यावर वाद घालू नका. 'गब्बर इज बॅक' सिनेमातला मेलेल्या माणसावर उपचार करणारा डॉक्टर डोक्यातून काढून टाका. असे लबाड असतीलही, पण त्या संशयाने तुम्ही योग्य वेळी सही करत नाही आणि नुकसान तुमच्याच माणसाचं होतं. त्याऐवजी शांतपणे, आदराने हे प्रश्न विचारा:

• फुफ्फुस जखमी आहे का, की फक्त श्वासाचे स्नायू थकलेत?
• उंची मोजली का, आणि श्वास किती मिलीचा लावलाय?
• रोखलेल्या श्वासाचा दाब किती आहे? ३० च्या आत आहे ना?
• पालथं झोपवायची गरज आहे का? नसेल तर का नाही?
• मूळ आजार कोणता, आणि त्यावरचं औषध सुरू झालं का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. व्हेंटिलेटर फुफ्फुस बरं करत नाही. तो वेळ मिळवून देतो. बरं करतं ते मूळ आजारावरचं औषध आणि शरीर. मिळवलेल्या त्या वेळात मशीननेच नवी जखम करू नये, एवढंच बघायचं असतं.

चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडणार नाही. तो तक्ता काढून दाखवेल. आणि जो चिडेल, त्यालाही सांगा की उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला किंवा त्याच्या अधिकृत माणसाला देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्या कागदांवर उंची लिहिलेली नसेल, तर श्वासाचा आकडा कशावरून ठरवला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.